ओलं असताना मिटू नये

समीक्षा लिहिणं हे माझं काम नव्हे. बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या जुळतात की नाही हे बघणं, हे माझं काम. बी. कॉम. झालेल्या माणसानं साहित्यावर बोलू नये असा एक अलिखित संकेत आहे आणि बावीस वर्षांच्या नोकरीत मी तो इमानानं पाळला आहे. पण वाचनाचंच म्हणाल, तर भल्याभल्या समीक्षकांनी केलं नसेल इतकं मी केलं आहे. गहाणखत, हमीपत्र, कुलमुखत्यारपत्र, नाहरकत दाखला. कर्ज घेणारा जे कागद न वाचता सही करतो, ते सगळे मी वाचलेले आहेत. त्यांतली बारीक टाइपातली कलमं तर मला कवितेसारखी पाठ आहेत. तेव्हा आज जे पुस्तक समीक्षेला घेतो आहे त्यावर बोलायचा अधिकार मराठीत माझ्याइतका कुणाचा नसावा, असं मी नम्रपणे म्हणतो. नम्रपणे म्हटलं की काहीही म्हणता येतं, हे मात्र मी साहित्यिकांकडूनच शिकलो.

पुस्तक एकतीस पानांचं आहे. बांधणी प्लॅस्टिकच्या फाइलीची. नाव साधंच: कँपरचा भाडेकरार, सूचना आणि जोडपत्रं. भाषा इंग्रजी. लेखिका अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एल्कहार्ट गावाजवळ राहणाऱ्या एक निवृत्त शाळामास्तरीण. २०२३ च्या जूनमध्ये त्यांचा पॉप-अप कँपर आम्ही सहा रात्रींसाठी भाड्यानं घेतला, त्याच्याबरोबर हे पुस्तक फुकट मिळालं. फुकट मिळालेल्या पुस्तकावर लिहायची समीक्षकांची परंपरा जुनीच आहे.

पॉप-अप कँपर म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मलाही ते शिकागोला जाईपर्यंत माहीत नव्हतं. मोटारीमागे ओढायची दोन चाकांची एक पेटी असते. मिटलेली असताना पुरुषभरही उंच नसते. मुक्कामाला पोचलं की दुकानाचं शटर उघडतात तसलं एक हँडल घालून फिरवायचं. छप्पर वर वर जातं. मग दोन्ही बाजूंनी टेबलाच्या खणासारखे दोन पलंग बाहेर ओढायचे. छप्पर आणि पलंग यांच्यामध्ये कनात असते, ती ताणून बसवायची. आत शेगडी, बेसिन, छोटा फ्रिज आणि एक टेबल, जे रात्री पलंग होतं. म्हणजे खाली घर, वर तंबू. उंदीर म्हणावा तर पंख आहेत आणि पाखरू म्हणावं तर दात आहेत, असं वटवाघुळाच्या जातीचं हे प्रकरण आहे.

आमच्या धाकट्याला याची हौस. धाकटा म्हणजे माझा भाऊ. अठरा वर्षं शिकागोच्या उपनगरात आहे. त्यानंच तिकिटं काढून आईला, सौ.ला आणि मला बोलावून घेतलं होतं. त्याच्या मनात आधी यलोस्टोन होतं. पण तिथल्या फिशिंग ब्रिज नावाच्या तळावर कापडी भिंतींच्या गाड्यांना मज्जाव आहे. कारण अस्वलं. हे कळल्यावर आई म्हणाली, "अस्वलानं भिंत फाडायला आपण कापडातच कशाला झोपायचं? घरं नाहीत का तिथे?" शेवटी जवळपासच फिरायचं ठरलं. मिशिगन सरोवराच्या काठानं उत्तरेला जायचं, स्लीपिंग बेअर ड्यून्स नावाच्या वाळूच्या डोंगरांपाशी राहायचं आणि परत यायचं. नावातच अस्वल होतं, पण ते निजलेलं आहे म्हटल्यावर आईनं परवानगी दिली.

आता लेखिकेच्या परिसराविषयी. लेखक कुठल्या मातीतला आहे हे समीक्षकानं सांगावंच लागतं. एल्कहार्ट हा जिल्हा म्हणजे असल्या चाकांवरच्या घरांचं माहेर. अमेरिकेत ही जी फिरती घरं बनतात त्यांतली बहुसंख्य याच भागात बनतात. जेको ही नावाजलेली कंपनी इथल्याच मिडलबरी गावी १९६८ साली एका शेतावरच्या कोठारात सुरू झाली, आणि ती सुरू झाली ती घडीच्याच कँपरनं. गंमत अशी की या भागात आमिश पंथाचे लोक पुष्कळ. ते स्वतः मोटार बाळगत नाहीत, घोडागाडीनं जातात. आणि त्यांच्यातले कितीतरी जण या कारखान्यांत कामाला आहेत. ज्याच्या दारात घोडागाडी, तो मोटारीमागची घरं बांधतो. आम्ही नाही का, दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजतो!

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला करार. तो बाईंनी लिहिलेला नाही, कुठून तरी उचलला आहे हे माझ्या अनुभवी नजरेला लगेच कळलं. भाडेकरू हा इथे खलनायक आहे. तो कँपर खड्ड्यात घालणार, त्याचं छप्पर फाडणार, तो पाण्यात नेणार आणि वर अनामत मागायला येणार, असं गृहीत धरलेलं आहे. आमच्या कर्जाच्या कागदांत कर्जदाराचं चित्र असंच असतं, त्यामुळे मला फार घरच्यासारखं वाटलं. भाडं रोजचं ९० डॉलर, सहा रात्रींचं ५४०. अनामत ५००, वेगळी. तेव्हाच्या भावानं नुसतं भाडंच ४४ हजार रुपये झालं. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि आईला सांगितला नाही. या भागाला वाङ्मयीन मूल्य नाही, पण एकदा तरी वाचावा, कारण नुकसान कुणाच्या माथी हे फक्त इथेच लिहिलेलं आहे.

दुसरा भाग सूचनांचा, आणि इथे लेखिकेची स्वतःची शैली दिसते. वाक्यं छोटी. क्रियापदं आज्ञार्थी. तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवल्याची छाप ओळीओळीवर आहे. कँपर मोटारीला कसा जोडायचा हे प्रकरण तर नमुनेदार. मोटारीमागच्या गोळ्यावर कँपरचा दांडा बसवायचा. कँपरच्या वजनातलं दहा ते पंधरा टक्के त्या गोळ्यावर यायला हवं. त्याहून कमी आलं तर गाडी वेगात असताना कँपर शेपटीसारखा हलायला लागतो, म्हणून सगळं जड सामान मागच्या बाजूला कोंबायचं नाही. कर्जाला पदरचं मार्जिन लागतं तसंच हे, मला लगेच पटलं. दोन साखळ्या लावायच्या त्या दांड्याखालून फुलीसारख्या, म्हणजे दांडा निसटलाच तर तो रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडेल. जामीनदार दोन का घेतात, याचं इतकं सुंदर स्पष्टीकरण मी आमच्या ट्रेनिंगमध्येसुद्धा ऐकलं नव्हतं.

मात्र वास्तववादाच्या कसोटीवर लेखिका एका ठिकाणी साफ उतरत नाहीत. पान अकरावर म्हटलं आहे की दोन माणसांना हा कँपर वीस मिनिटांत उभा करता येतो. आम्हा पाच मोठ्या आणि एका सोळा वर्षांच्या पुतणीला दोन तास दहा मिनिटं लागली. त्यातली चाळीस मिनिटं धाकटा कँपर मागे घेत होता. ओढायची गाडी मागे घेताना चाक उलटं फिरवावं लागतं. गाडी उजवीकडे हवी तर स्टिअरिंग डावीकडे. पुस्तकात यावर एक तोडगा आहे: हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा आणि कँपर ज्या बाजूला जायला हवा त्या बाजूला हात न्या. तोडगा अचूक आहे. पण मागे उभे राहून चार माणसं मराठीत चार दिशा सांगत असतील तर काय करायचं, याबद्दल लेखिकेनं मौन पाळलं आहे.

मग पातळी. गवंड्याची पाणसळ असते तशी एक नळी कँपरला लावलेली होती. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकाखाली फळ्या सरकवायच्या, मग चाकांना अडण लावायची, मग चार कोपऱ्यांना चार टेकू. सगळं झालं आणि आईनं विचारलं, "उत्तर कुठे?" बुडबुडा किंचित एका बाजूला होता, त्यामुळे पलंगाची उंच बाजू ती उशाची बाजू. आणि ती नेमकी उत्तर निघाली. उत्तरेकडे डोकं करून आई आयुष्यात झोपलेली नाही आणि मिशिगनमध्येही झोपणार नव्हती. चाकाखालच्या फळ्या पुन्हा काढल्या. पुढच्या आवृत्तीत पान बारावर होकायंत्राचा उल्लेख यावा, अशी माझी सूचना आहे.

आमचा तळ प्लॅट नदीच्या काठचा. नदी तिथून थोड्याच अंतरावर सरोवराला मिळते. सरोवर म्हणायचं ते भूगोलाच्या पुस्तकानं. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे, क्षितिज आहे. आम्ही गुहागरकडची माणसं. आईनं ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि म्हणाली, "अळणी आहे." एवढ्या पाण्यात कुणी मीठ घालायला विसरलं की काय, असा तिचा चेहरा होता. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो. त्यामुळे तिन्हीसांजेला हात जोडायला आई जेवण झाल्यावर तासभर ताटकळत बसायची.

जोडपत्रांत दोन नियम आहेत. पहिला, शेकोटीसाठी बाहेरून लाकूड आणायचं नाही, तिथल्या तिथेच विकत घ्यायचं. आमच्याकडच्या जुन्या जकात नाक्याची मला आठवण झाली, पण कारण वेगळं निघालं. ॲश नावाच्या झाडाला पोखरणारा एक हिरवा किडा २००२ साली डेट्रॉइटजवळ सापडला. त्यानं त्यानंतर कोट्यवधी झाडं मारली. तो स्वतः फार लांब उडत नाही, माणसंच त्याला सरपणातून गावोगाव नेतात. दुसरा नियम, आत तळण आणि फोडणी नको, कनात वास धरून ठेवते. सौ.नं मग बाहेरच्या लाकडी टेबलावर शेगडी मांडून पिठल्याला फोडणी दिली. शेजारच्या तंबूतले दोन गृहस्थ काय जळतंय ते बघायला आले आणि वाटी घेऊन परत गेले.

इथपर्यंत हे पुस्तक उपयुक्त वाङ्मय या सदरात टाकून मी मोकळा झालो असतो. पण पान सत्तावीस आलं.

त्याआधी थोडं घरचं सांगावं लागेल. गुहागरकडे आमचं वडिलोपार्जित घर आहे. कौलारू, पडवीचं, आता कुलूप लावलेलं. वडील गेल्यावर आई माझ्याकडे डोंबिवलीला आली. २०१९ साली धाकटा फोनवर म्हणाला, "दादा, ते घर विकून टाकू या." मी म्हणालो, "तुला तिथे बसून बोलायला काय जातं?" बस, एवढंच. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. त्यानंतर आम्ही दर रविवारी फोनवर बोलत होतो, हवा, आईचे गुडघे, माझी साखर, त्याच्या पोरीचे मार्क. चार वर्षं. बँकेत असल्या खात्याला निष्क्रिय म्हणतात. शिल्लक असते, व्यवहार नसतो.

शेवटच्या रात्री पाऊस आला. कनातीवरचा पाऊस हा ऐकण्यासारखा असतो. बारा-पंधरा फुटांच्या त्या डब्यात आम्ही सहाजण होतो. एका पंखात आई आणि पुतणी, दुसऱ्या पंखात सौ. आणि तिची जाऊ, मधल्या टेबलाच्या पलंगावर आम्ही दोघं भाऊ. तीस-एक वर्षांनी एका अंथरुणावर.

धाकटा हळूच म्हणाला, "पडवीत असाच आवाज यायचा ना रे दादा?"

"पडवी आता गळते," मी म्हणालो. म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणून तर विकू म्हणालो होतो. तू दर मे महिन्यात रजा टाकून एकटा जातोस, शाकारणी करून घेतोस, आणि मला खर्चसुद्धा सांगत नाहीस. मला वाटलं, तुला ओझं झालंय आणि माझ्यापाशी बोलत नाहीस."

मला वाटत होतं त्याला त्या घराची नाळ तोडायची आहे. त्याला वाटत होतं मला ती झेपत नाही. मी म्हणालो, "खर्चाचा हिशेब आहे माझ्याकडे. चार वर्षांचा. लिहून ठेवलाय."

"मग पाठवला का नाहीस?"

याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं. हिशेब पाठवला की त्यानं पैसे पाठवले असते, आणि मग घर सांभाळतो म्हणून मिरवायचा माझा हक्क निम्मा झाला असता. हे मी तेव्हा बोललो नाही, इथे लिहितो आहे.

पलीकडच्या पंखातून आईचा आवाज आला. कापडाच्या भिंती. "त्याला हिशेब पाठव. आणि झोपा आता. दहानंतर बोलायचं नाही, पाटी लावलीय बाहेर."

सकाळी पाऊस थांबला होता, पण कनात चिंब. दुपारी कँपर परत द्यायचा. मिटायचा कसा म्हणून धाकट्यानं पुस्तक उघडलं. मिटण्याचा क्रम उघडण्याच्या बरोबर उलटा: जे शेवटी उघडलं ते आधी मिटायचं. हिशेबात आपल्याकडे ही पद्धत मान्य नाही, पण कँपरला तीच लागते. आणि पान सत्तावीसवर, टाइप केलेल्या मजकुराच्या बाजूला, बाईंनी निळ्या शाईनं हातानं लिहिलं होतं, त्याचा आशय असा: ओलं असताना मिटू नका. मिटावंच लागलं तर हरकत नाही, प्रवास आहे, पाऊस येणारच. पण मग एक-दोन दिवसांत पुन्हा उघडा आणि वाळवा. तसंच बंद ठेवलंत तर बाहेरून काही दिसणार नाही, आत बुरशी धरेल.

आम्ही दोघांनी एकाच वेळी वाचलं. कुणी काही बोललं नाही. त्यानं हँडल फिरवायला घेतलं, मी कनात आत खोचत गेलो.

जाताना सरोवराच्या त्या उंच कड्यावर थांबलो, खाली साडेचारशे फुटांवर पाणी. पुतणीनं आजीला तिथली दंतकथा मराठीत सांगितली. तिथल्या आदिवासींची, अनिशिनाबे लोकांची कथा आहे ही. पलीकडच्या काठाला वणवा लागला म्हणून एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन सरोवर पोहून निघाली. ती काठाला पोचली, पिल्लं मागे दमली आणि बुडाली. ती काठावर वाट बघत बसली, तिचा झाला हा वाळूचा डोंगर, आणि पिल्लांची झाली समोरची दोन बेटं. आई बराच वेळ बेटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती पुढे कशाला पोहली? पोरं पुढे सोडून मागून पोहायचं असतं." आणि गाडीत जाऊन बसली.

एल्कहार्टला पोचल्यावर धाकट्यानं बाईंना सांगून टाकलं, "ओला मिटलाय." बाई म्हणाल्या, बहुतेक लोक सांगत नाहीत. मग आम्हीच त्यांच्या अंगणात तो पुन्हा उघडला. या खेपेला सत्तावीस मिनिटांत. दोन तास उन्हात वाळवला. तेवढ्या वेळात आईनं बाईंना पिठल्याची कृती सांगितली, पुतणी दुभाषी. अनामतीतून वीस डॉलर कापले, कनातीची एक क्लिप तुटली म्हणून. ते कुणी द्यायचे यावरून आम्हा भावांत दहा मिनिटं झटापट झाली आणि शेवटी दहा-दहा ठरले.

आता निर्णय. पॉप-अप कँपर भाड्यानं घ्यावा का? हॉटेलाच्या हिशेबानं बघाल तर फार स्वस्त नाही, कारण पेट्रोल, तळाचं भाडं आणि पाठीला लावायचं मलम धरावं लागतं. आराम हवा असेल तर घेऊ नये. घरात कुणाशी बोलायचं टाळत असाल, तर मुळीच घेऊ नये, तिथे टाळायला जागा नाही. एरवी एकदा घ्यावा. पुस्तकाचं म्हणाल, तर करार पाल्हाळिक, सूचना चोख, वीस मिनिटांचा दावा अविश्वसनीय, पण पान सत्तावीससाठी पुस्तक संग्रही ठेवण्यासारखं आहे. मी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला आहे.

डोंबिवलीला आल्यावर पहिल्याच रविवारी धाकट्याला चार वर्षांचा हिशेब पाठवला. कौलं, वासे, गड्यांची मजुरी, एस.टी.चं भाडंसुद्धा. घर विकायचं की ठेवायचं ते अजून ठरलेलं नाही. आठवड्यानं निम्मी रक्कम माझ्या खात्यात जमा झाली, आणि पाठोपाठ एका ओळीचा निरोप आला:

"दादा, बेरीज बरोबर आहे. पण यात तू तुझ्या रजा धरलेल्या नाहीस."

बावीस वर्षांत माझ्या हिशेबात चूक काढणारा हा पहिलाच.